जुनी इमारत म्हणून सुगम्यतेच्या नियमांतून सूट मिळते का?

धाकट्याची_ताई
माझा धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो. ज्या ग्रंथालयात त्याला जायचं असतं, ती इमारत दगडी, जुनी. दारात तीन पायऱ्या, वाचनकक्ष वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मागच्या आठवड्यात दोघा शिपायांनी त्याला खुर्चीसकट उचललं. दुसऱ्या पायरीवर एकाचा हात सुटला आणि खुर्ची कलली. पडला नाही, पण चाकं इतकी घट्ट धरली होती की तळहातांवरचे वळ संध्याकाळपर्यंत गेले नाहीत. आता तो तिकडे जायचं नावच काढत नाही. मी रॅम्पसाठी अर्ज दिला. उत्तर एका ओळीचं: "इमारत वारसा दर्जाची असल्याने नियमांतून सूट आहे." अशी सरसकट सूट खरंच असते का? पुढचा अर्ज मला नीट लिहायचा आहे.

टेप_आणि_लेव्हल
ताई, इमारतींची सुगम्यता तपासणं हेच माझं काम, सतरा वर्षं झाली. "जुनी आहे हो" हे मला जवळपास प्रत्येक दारात ऐकायला मिळतं. देशागणिक कायदे वेगळे, पण निव्वळ वयामुळे अख्खी इमारत सुटते असं सहसा नसतं. सूट मिळाली तरी ती ठरावीक कारणासाठी, ठरावीक भागाला.

अमेरिकेचा दिव्यांगांसाठीचा १९९०चा कायदा बघा, सूट देण्याची चर्चा बहुतेक त्याच्याच आधाराने होते. २६ जानेवारी १९९३ नंतर वापरात येणारी नवी इमारत सुगम्य हवीच. अपवाद फक्त जमिनीच्या विलक्षण ठेवणीमुळे ते जमणारच नसेल तर, उदाहरणार्थ दलदलीत खांबांवर उभं केलेलं घर. लोकांसाठी खुल्या असलेल्या जुन्या खासगी जागांना तिथे विचारतात, फार अडचण आणि फार खर्च न होता काय काढता येईल? तेवढा अडथळा काढावाच लागतो. तेही जमत नसेल तर सेवा दुसऱ्या मार्गाने द्यायची, म्हणजे पुस्तक खाली आणून देणं किंवा तळमजल्यावर टेबल लावणं.

लिफ्टचंही तिथे तसंच. तीनपेक्षा कमी मजले, किंवा दर मजला ३,००० चौरस फुटांहून लहान, अशा खासगी इमारतीला लिफ्ट माफ होऊ शकते. मात्र दवाखाने आणि मॉल यांना ही सवलत नाही. आणि लिफ्ट माफ झाली तरी वरच्या मजल्यावरचं दार आणि शौचालय नियमाप्रमाणेच लागतं. हे पुष्कळ वास्तुविशारदांनाही माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तिथल्या वारसा इमारतीत एखाद्या बदलाने तिचं ऐतिहासिक महत्त्वच धोक्यात येत असेल, तर त्या बदलापुरती ढील मिळते. बाकीचं करावंच लागतं. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट सुरू झाली. त्या टेकडीवर लिफ्ट बसते, तर तीन पायऱ्यांचं काय अवघड आहे?

विश्वस्त_एक
आमचं प्रार्थनास्थळ आहे. धार्मिक जागांना माफी असते असं आम्हाला सांगितलं गेलंय.

टेप_आणि_लेव्हल
अमेरिकेच्या त्या कायद्यात धार्मिक संस्था आणि खासगी क्लब वगळलेले आहेत, हे खरं. भारतात तसं नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'सार्वजनिक इमारती'च्या व्याख्येत लोकांच्या वापराच्या खासगी इमारती येतात आणि धार्मिक वापराचाही स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७चे, आता तुम्हीच हिशेब करा. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानकं निव्वळ शिफारशी ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक नियम करा, असं केंद्राला सांगितलं. पण दादा, माफी असली तरी ती घ्यायचीच असं कुठे आहे? दार तुमचं, येणारी माणसंही तुमचीच.

चाकांवरून
ताई, मी स्वतः खुर्चीत असतो, म्हणून एक सांगतो. अर्जात नुसतं "रॅम्प हवा" लिहू नका. ते लोखंडी फळी टाकतील आणि काम झालं म्हणतील. उतार १:१२ हवा, म्हणजे एक सेंमी उंचीला बारा सेंमी लांबी. पायरी १५ सेंमीची धरली तर तीन पायऱ्यांचे ४५ सेंमी, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंमी लांब. दीड मीटरच्या फळीवर खुर्ची मागे उलटते, मी उलटलोय. समोर जागा नसेल तर बाजूचं दार बघा. जुन्या इमारतींना सामान न्यायचं एखादं सपाट दार पुष्कळदा असतं. ते चालेल, पण पाटी लावलेलं आणि ग्रंथालयाच्या वेळेत उघडं हवं. कुणाला फोन करून कुलूप काढायला लावायचं, हे रोज जमत नाही.

टेप_आणि_लेव्हल
अगदी बरोबर. त्यात एवढंच घाला: सूट कोणत्या नियमाखाली, कोणत्या भागासाठी आणि कोणी दिली, हे लेखी मागा. आणि पुस्तकं व टेबल तळमजल्यावर कधीपासून मिळेल, हाही प्रश्न त्याच अर्जात विचारा. त्यासाठी लिफ्टची वाट बघावी लागत नाही.

धाकट्याची_ताई
आज टेप घेऊन गेले होते. पायऱ्या १७ सेंमीच्या निघाल्या, म्हणजे ५१, रॅम्प ६ मीटर १२. आणि मागच्या अंगाला खरंच एक दार आहे, जमिनीशी सपाट, रुंदी ९४ सेंमी. आत जुनी कपाटं लावून ते बंद केलंय. फोटो काढलेत. अर्जाला जोडते.