चिप नकोच, पण कारण वेगळंय
काहीजण म्हणतात की तिकीट, ओळखपत्राऐवजी हाताच्या कातडीखाली चिप बसवली की आपण कुठे फिरतोय ते सरकारला कळत राहणार, तर तसं नाहीये हो, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी ती, आत बॅटरीच नाही, रीडर, म्हणजे चिप वाचायचं यंत्र, अगदी जवळ नेलं तरच नंबर वाचला जातो. माग काढायला खिशातला मोबाईल आहे की! स्वीडनच्या रेल्वेने २०१७ मध्ये अशा चिपवर तिकीट चालवलं, पण ज्याची त्याची मर्जी. आपल्याकडे ऐच्छिकचं सक्तीचं कधी होतं कळत पण नाही. आमच्या आईचे अंगठे भांडी घासून गुळगुळीत झालेत, परळला रेशन दुकानात मशीन दोनतीनदा नाही म्हणतं, मग ती पदराला बोट पुसून परत ठेवते आणि मागची लाईन वैतागते. लोकलचा पास खराब झाला तर नवा मिळतो, चिप बिघडली तर परत हात चिरून घ्यायचा का?