मदत हवी आहे: १९६२ च्या फोर्ड एफ-१०० चा सुटा हौदा मूळचा आहे का?

फोर्डने १९६१ मध्ये स्टाइलसाइड (सपाट बाजूंच्या) पिकअपची केबिन आणि मागचा माल ठेवायचा हौदा एकसंध केले. पुढे १९६२ मध्ये सुटा हौदाही पुन्हा दिला, पण तो १९५७-६० च्या जुन्या घाटाचा, त्यामुळे केबिनची रेघ हौद्याशी जुळत नाही (दिसायला ते विजोडच). अमेरिकेत घेतलेल्या माझ्या टू-व्हील-ड्राइव्ह गाडीवर असाच आठ फुटी हौदा आहे. चासीवर जादा भोके किंवा वेल्डिंग आढळले नाही. दारावरची गाडीच्या तपशिलाची पाटी मात्र वाचता येत नाही आणि केबिनच्या मागच्या पत्र्यावर रंगाचे जाड थर आहेत. तो रंग एवढ्यात खरवडायचा नाही. कारखान्यातूनच सुट्या हौद्यासह आलेली केबिन आणि एकसंध गाडी कापून वेगळी केलेली केबिन यांच्या मागच्या पत्र्यात नेमका कोणता फरक असतो, आणि तो आतून, सीटमागून, ओळखता येतो का?