कास्ट आयर्न बुलेट ३५०: जुना मिककार्ब सांभाळायचा की २८ चा नवा कार्ब टाकायचा?

कोलशेत_थंपर
ठाण्यात जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरची बुलेट) गॅरेजात नेली की हल्ली पहिला सल्ला ठरलेला: मूळचा कार्ब्युरेटर मिककार्ब व्हीएम २४ काढा, पीडब्ल्यूके २८ टाका (आकडा म्हणजे घशाचा, हवेच्या वाटेचा व्यास मिमीमध्ये). माझा याला ठाम विरोध आहे. ३४६ सीसी, बोअर ७०, स्ट्रोक ९०. हे इंजिन खालच्या आरपीएमवर ओढण्यासाठीच बनलंय. २४ वरून २८ वर गेलं की घशाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे त्याच आरपीएमला हवेचा वेग पाव हिश्श्याहून जास्त घटतो. मग जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून) पेट्रोल उचलायला ओढच पुरत नाही. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत थ्रॉटल पाव उघडा ठेवून रांगायचं असतं, तिथे मूठ झटक्यात पिळली की मोठ्या कार्बची गाडी गुदमरते. शिवाय पीडब्ल्यूके मुळात टू-स्ट्रोकसाठी बनलेला कार्ब आहे. त्याच्या क्लोनसोबत (नकलेसोबत) आलेले जेट तसेच ठेवले तर दोन दिवसांत प्लग काजळतो. आणि मिकुनीचे, म्हणजे मिककार्बला लागणारे, जेट त्यात बसत नाहीत, दोघांचे नंबरही एका मापाचे नाहीत.

नेरूळ_आयर्न
दादा, हे सगळं चांगल्या अवस्थेतल्या व्हीएम २४ ला लागू आहे. रस्त्यावरचे मिककार्ब तीस-तीस वर्षं जुने आहेत. केबल काढा, स्लाइड (मूठ पिळली की वर उचलली जाऊन हवेची वाट उघडणारा भाग) बोटात धरून मागे-पुढे हलवा. टकटक आवाज आला तर स्लाइड आणि बॉडी दोन्ही झिजलेत. मग स्लाइडच्या कडेने हवा शिरते, आयडलिंग कधी ८०० तर कधी १५०० वर पळतं आणि एअर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा) कितीही फिरवा, फरक पडत नाही. असा कार्ब कोणीही ट्यून करू शकत नाही. बाजारात सुटी स्लाइड मिळते, पण झिजलेल्या बॉडीत नवी स्लाइडही डुगडुगते. पाम बीचवर ७०-८० ला चालवणाऱ्याला २४ चा घसा तोकडाही पडतो. अशा वेळी नवा कार्ब टाकणं शहाणपणाचंच.

कळवा_पॉइंट्स
दोघांच्याही बोलण्यात पेट्रोल राहून गेलं. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे कारखान्यातून आलेल्या जेटिंगवर गाडी आपोआप सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते. लक्षणं ओळखीची आहेत: मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके, गरम झाल्यावर पिकअप नाही, बेंडपाइप निळसर. लोक याला "कार्ब गेला" म्हणतात आणि नवा आणतात. आधी जेट बदला. मेन (मोठ्या थ्रॉटलचा जेट) ९० असेल तर ९५ किंवा ९७.५. पायलट (आयडलिंगचा जेट) एक नंबर वर.

दुसरं, पावसाळ्यात इथे गाडी पंधरा दिवस उभी राहिली की इथेनॉल ओल धरतं आणि फ्लोट बाउलच्या तळाशी पांढरी भुकटी जमते. उभी ठेवायची असेल तर पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

कोलशेत_थंपर
ई-२० चा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. २४ वर राहूनच दोन जेट बदलायचेत!

नेरूळकर, कार्ब बिघडवतात कसे तेही बघा. चोंदलेला पायलट जेट क्लच केबलच्या तारेने उकरतात. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, मग नंबर २५ लिहिलेला असतो आणि माप भलतंच. मासेमारीचा नायलॉन दोरा किंवा हवेचा फवारा वापरावा. फ्लँजचे (कार्ब इंजिनाला जोडणाऱ्या सपाट कडेचे) नट करकचून आवळले की फ्लँज वाकतो आणि हवा खेचतो. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो घासून सपाट होतो. इंजिन चालू असताना जोडावर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा. आरपीएम हलला तर तिथून हवा जातेय. सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून फवारा जपून.

नेरूळ_आयर्न
गळती तपासावीच, त्यात वाद नाही. पण तुम्ही एअर स्क्रूबद्दल काहीच लिहिलं नाहीत, आणि तिथेच लोक फसतात. व्हीएम २४ चा तो स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणजे तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रण लीन. इंजिनाच्या बाजूला असलेला स्क्रू पेट्रोलचा, तो बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त). हलक्या हाताने तळापर्यंत बसवून दीड फेरा बाहेर काढायचा आणि गरम इंजिनवर सर्वात जास्त आरपीएम कुठे मिळतात ते शोधायचं. अर्ध्या फेऱ्याच्या आतच मिळाले तर पायलट लहान, अडीचच्या पुढे गेलं तर मोठा.

कळवा_पॉइंट्स
आणि हे करण्याआधी पॉइंट्सचा (इग्निशनच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) थंड इंजिनवर बोटाने सहज फिरतील पण वरखाली हलणार नाहीत इतके. इग्निशन बिघडलेलं असताना कार्ब फिरवणं म्हणजे वेळ वाया.

कोलशेत_थंपर
क्रम बरोबर. पुढचा भाग थ्रॉटलनुसार वाटलेला आहे: पाव उघडेपर्यंत पायलट आणि स्लाइडचा कट (तिची खालची तिरपी कापलेली कड), पाव ते पाऊण सुई (स्लाइडला लटकलेली), त्यापुढे मेन. येऊरच्या चढावर अर्ध्या थ्रॉटलला अडखळली तर चोक किंचित ओढून बघा. सुधारली तर लीन, म्हणजे सुईची क्लिप एक खाच खाली. आणखी बिघडली तर एक खाच वर. एका वेळी एकच बदल.

नेरूळ_आयर्न
मी म्हणतो तो नवा कार्ब व्हीएम २४ चाच असेल तर तुमचा विरोध आहे का?

कोलशेत_थंपर
अजिबात नाही. टकटक येत असेल तर २४ चाच नवा आणा, फक्त जुन्यातली सुई आणि जेट काढून नंबर वहीत लिहून ठेवा. नव्यात तेच नंबर आहेत का ते बसवण्याआधी ताडून बघा. २८ बसवायचा असेल तर आधी हेडचा पोर्ट उघडून मापा. कार्बचा घसा पोर्टहून मोठा झाला तर जोडावर पायरी तयार होते, आणि खालच्या आरपीएमला पेट्रोलचे थेंब तिथेच साचतात.