जुनी जाकिटं घेताना आधी काय बघायचं?

कमी पैशात दणकट जाकिटं जमवायची तर जुनी घेताना आधी काय बघायचं, असं विचारलंत. माझ्या मते ब्रँडच्याही आधी कापड बघा.

मेण लावलेलं सुती जाकीट असेल तर बिनधास्त घ्या. कोपरं आणि खिशांच्या कडा फिकट, कोरड्या दिसल्या की लोक ते टाकाऊ समजतात आणि भाव पडतो. पण तिथलं फक्त मेण उडालेलं असतं. मेणाची डबी गरम पाण्यात ठेवायची, पातळ झालेलं मेण फडक्याने शिवणींत नीट जिरवायचं आणि वरून हेअर ड्रायर फिरवायचा. फिकट पट्टा डोळ्यांदेखत गडद होतो, तो क्षण मला फार आवडतो! मात्र असं जाकीट मशीनमध्ये कधीच धुवू नका, गार पाण्याचा स्पंज पुरे.

याउलट जुनं वॉटरप्रूफ नायलॉन उलटं करून बघितल्याशिवाय घेऊ नका. आतला थर चिकट लागला किंवा त्याचे पापुद्रे निघत असतील, तर फुकटही नको. पाणी अडवणारा हा पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) थर एकदा विरघळायला लागला की इलाज नाही.

१९६५ साली आलेलं अमेरिकी लष्कराचं एम-६५ जाकीट सुरुवात करायला उत्तम. कॉलरमध्ये घडी घालून ठेवलेली टोपी आहे का, आतलं अस्तर अडकवायची बटणं शाबूत आहेत का, ते बघा. आणि साइझच्या लेबलवर जाऊ नका, काखेपासून काखेपर्यंतचं माप मागवा. अस्तर लावून घालायचं असेल तर थोडं सैलच घ्या.