हप्ता ज्याच्या खात्यातून, घर त्याचंच?

सांगलीवाडीची_नणंद:
आधीच सांगते, भाऊ माझा सख्खा आहे. तरी माझं मत वहिनीच्या बाजूचं. 2016 मध्ये दोघांनी कोल्हापूर रोडच्या बाजूला 32 लाखांना टू बीएचके घेतला. खरेदीखतावर दोघांची नावं, हिस्से लिहिलेले नाहीत. 24 लाख कर्ज, दोघं सहकर्जदार. वरच्या आठपैकी पाच आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, फंडातले, तीन वहिनीचे दागिने मोडून. हप्ता 22,370, जातो भावाच्या पगारातून. किराणा, पोराची फी, लाइटबिल वहिनीच्या. आता 14 महिने झाले, ती मिरजेला माहेरी आहे. परस्पर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज करायचा ठरलाय, पण घरावर गाडी अडलीय. भाऊ म्हणतो, मी 24 लाख भरले, तू तुझे तीन लाख व्याजासकट घे आणि सही कर. हे काय बोलणं झालं? तिनं घर चालवलं म्हणून त्याचा पगार हप्त्याला शिल्लक राहिला ना!

हळदपेठ:
ताई, मन मोठं आहे तुमचं, पण कायदा मनावर चालत नाही. आपल्याकडे लग्न झालं म्हणून आपोआप निम्मं होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 45 वाचा: दोघांनी मिळून घेतलेल्या मिळकतीत ज्यानं जितका पैसा घातला तितका त्याचा हिस्सा. पासबुकात नऊ वर्षं भावाचंच नाव दिसतंय. किराण्याची बिलं कोण जपून ठेवतं?

सांगलीवाडीची_नणंद:
कलम पूर्ण सांगा की. पैसा सामाईक निधीतून आला असेल तर त्या निधीतल्या वाट्याप्रमाणे हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर समसमान धरायचं, हेही तिथंच आहे. दोन पगारांवर एक घर चाललं, मग सामाईक निधी वेगळा कसा असतो?

हळदपेठ:
कोर्टात ते शाबीत करावं लागेल. आणि गेले 14 महिने हप्ता एकटा भरतोय, त्याचं काय?

भडंग_चहा:
एकटा भरतोय तसा एकटा राहतोय पण! हिशेबच मांडू. 14 हप्ते म्हणजे 3 लाख 13 हजार, तिच्या वाट्याचे 1 लाख 56 हजार. तसल्या फ्लॅटचं भाडं 12 हजार धरा. तिच्या निम्म्या घराचं 6 हजार, 14 महिन्यांचे 84 हजार. वजा केले की ती 72 हजार देणं लागते. संपलं.

आता मोठा आकडा. बँकेचं स्टेटमेंट काढलंय का? साडेनऊ टक्के व्याज धरलं तर नऊ वर्षांत 24 लाखांवर भरलेत आणि मुद्दल उतरलंय पावणेसहा. बाकी सव्वाअठरा. म्हणजे 'मी 24 लाख भरले' हे भावाचं बोलणं खरं, पण त्यातलं घरात फार थोडं गेलंय. आजची किंमत 45 लाख धरली तर कर्ज वजा जाता 26 लाख 75 हजार. आधी दादांचे पाच आणि वहिनीचे तीन परत. उरलेल्याचे निम्मे केले तर तिचे तीन धरून वहिनीला 12 लाख 37 हजार, त्यातून ते 72 हजार वजा.

हळदपेठ:
45 कुठून आणले? 2019 च्या ऑगस्टात त्या भागात पाणी होतं. गिऱ्हाईक पहिलं विचारतं, 'किती पायऱ्या बुडाल्या?' 40 मिळाले तरी नशीब.

भडंग_चहा:
तेच 40 धरून भाऊ वहिनीला विकेल का? नाही ना. मग सरकारमान्य मूल्यांकनकार बोलवा, फी दोघांनी निम्मी.

मिरज_मध्यस्थ:
तुम्ही सगळे आकड्यात अडकलाय, बँक कोणी विचारतच नाही. संमतीच्या अटीत 'कर्ज नवरा फेडेल' असं लिहिलं, कोर्टानं मान्य केलं, तरी बँकेला ते बांधील नाही. पुढं भावाचा हप्ता चुकला तर वसुली वहिनीकडं येणार आणि तिचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा आकडा, घसरणार. आधी बँकेकडून लेखी घ्या की एकट्या भावाच्या उत्पन्नावर कर्ज बसतंय. बसत नसेल तर विका आणि मोकळे व्हा.

कृष्णाकाठ_२:
घटस्फोटाआधी बक्षीसपत्र करा की. नवरा-बायकोत राहत्या घराला मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपयेच.

मिरज_मध्यस्थ:
12 लाख हातात घेऊन बक्षीस? मोबदला आला की ते बक्षीसपत्र उरत नाही, आणि घर तारण असताना बँकेच्या संमतीशिवाय तर नाहीच. इथं मोबदल्याचं हक्कसोडपत्र, म्हणजे पैसे घेऊन हिस्सा सोडल्याचा दस्त, लागेल. मिळकत वडिलोपार्जित नाही, त्यामुळं तिच्या हिश्शाच्या बाजारभावावर मुद्रांक पडेल. तो कोण भरणार, हेही आत्ताच लिहून ठेवा.

हळदपेठ:
बरं, वडिलांचे पाच लाख बुडतील असं मला वाटत होतं, पण ते आधी परत देताय म्हटल्यावर माझं भांडण अर्धं संपलं. तिच्या तीन लाखांना मात्र पावती दाखवा.

सांगलीवाडीची_नणंद:
भावाला हा धागा दाखवला. त्याला फक्त 'दादांचे पाच आधी' एवढंच दिसलं. दागिने मोडल्याची सराफाची पावती त्याच्याच कपाटात आहे, वरच्या फायलीत. रविवारी जाऊन मीच काढते.