चराईबंदीचा ठराव झाला पण टिकत नाही, कुणाच्या गावात टिकलाय का?

सह्यपूर्व
नमस्कार मंडळी. आमचं गाव जुन्नर आणि अकोले तालुक्यांच्या मधल्या डोंगरात, नाव टाकत नाही कारण सध्या गावात तापलेलं आहे. पाऊस चांगला पडतो पण ओढ्याने तासाभरात निघून जातो आणि होळी झाली की बायका रात्री झऱ्यावर नंबर लावून बसतात, हे पिढ्यानपिढ्या. मागच्या काही वर्षांत रोहयोतून आणि एका संस्थेच्या मदतीने डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) झाले, घळींत दगडी बांध झाले, खाली माती नाला बांध झाले. कामं चांगली झालीत, खालच्या विहिरींना फरक पडलाय हे विरोधकसुद्धा मान्य करतात.

अडलंय ते वरच्या उतारावर. तो वनखात्याचा, कागदावर जंगल, प्रत्यक्षात करवंदाच्या जाळ्या आणि दगड. ग्रामसभेत चराईबंदी-कुऱ्हाडबंदीचा ठराव झाला, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले आणि पुढच्याच आठवड्यात शेळ्या परत वर. वरच्या वाडीत बहुतेकांना जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी, शेळी हीच त्यांची बँक. त्यांचं म्हणणं, तुमच्या विहिरी भराव्यात म्हणून आम्ही शेळ्या विकायच्या का? त्यात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे (मेंढ्या घेऊन फिरणारे तळ) कोकणात उतरताना आमच्याच डोंगरावर काही दिवस बसतात, तेही आजचं नाही. लावलेली रोपं गेली सगळी. आता तरुण पोरं म्हणतात राखणदार ठेवा, शेळी दिसली की कोंडवाड्यात घाला, आणि सरपंच म्हणतात वनखात्याच्या गार्डला सांगून केस करू. मला दोन्ही पटत नाही पण दुसरं काही सुचतही नाही. ज्यांच्याकडे टिकलंय त्यांनी कृपया नीट सांगा, "लोकसहभाग वाढवा" असलं उत्तर नको.

बांधबंदिस्ती
कृषी खात्यात फिल्डवर नोकरी झाली, पाणलोटाची बरीच कामं हाताखालून गेली, म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे रोपं लावायचं थांबवा. असल्या डोंगरावर मातीखाली जुनी खोडं-मुळं जिवंत असतात, धावडा, खैर, आपटा, पळस, हे दरवर्षी फुटतात आणि दरवर्षी खाल्ले जातात. दोन-तीन पावसाळे तोंड लागलं नाही तर ते आपोआप वर येतात, त्याला ना खड्डा लागतो ना टँकर. चराच्या भरावावर गवताचं बी टाका, पवन्या, मारवेल, थोडा स्टायलो. गवत आधी येतं, झाड मागून येतं, आणि शेळीवाल्याला झाड दाखवून काही उपयोग नाही, त्याला गवत दाखवावं लागतं.

दुसरं, सगळा डोंगर एकदम बंद करू नका. ही चूक मी गावोगाव बघितली. डोंगराचे तीन तुकडे पाडा, एक बंद, दोन उघडे, बंद तुकड्यात जनावर नाही पण विळा चालेल, कापून डोक्यावर न्यायचं. आदर्श गाव हिवरे बाजारला हेच केलं, चराई बंद पण गवत कापून न्यायला मुभा. लोक तिथल्या पोपटराव पवारांचं भाषण ऐकून येतात आणि बंदी तेवढी लक्षात ठेवतात, गवताचं विसरतात. १९८९ला ते सरपंच झाले, त्यानंतर किती वर्षं गेली ते मोजा. नगर तालुक्यातला तो पट्टा पर्जन्यछायेतला, तुमच्यापेक्षा पाऊस कितीतरी कमी, तुमच्याकडे गवत लवकर दिसेल.

आणि चरांचं बघा. पहिल्या पावसाळ्यानंतर चर गाळाने भरतात, लेव्हल चुकली असेल तर पाणी एका टोकाला जमून फुटतं आणि मग तिथे नवीन घळ तयार होते, म्हणजे न केलेलं बरं होतं अशी वेळ. ए-फ्रेम (लेव्हल बघायची साधी चौकट) घेऊन उन्हाळ्यात एक फेरी मारा.

काळा_कातळ
काका, तांत्रिक सगळं बरोबर आहे पण मूळ दुखणं वेगळं आहे. वाडीवाले वर राहतात, श्रमदान ते करतात, चर त्यांच्या डोक्यावर खणले जातात, शेळ्या त्यांच्या बंद होतात आणि पाणी कुठे दिसतं तर खाली बागायतदाराच्या विहिरीत. पाणी उतारानेच जाणार, त्याला कोण काय करणार, पण त्या पाण्यावर हक्क कोणाचा हे तर माणसं ठरवतात ना? सह्यपूर्व, एक विचारू का, माती नाला बांधाच्या खाली नवीन बोअर किती पडल्या?

हा प्रश्न ५० वर्षं जुना आहे. ७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात नायगावला गेले, देवस्थानची ४० एकर पडीक जमीन घेऊन तिथे पाणलोटाचं काम केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम काय होता, तर पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांच्या डोक्यावर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. बरं, सगळीकडे टिकलं असं मी म्हणत नाही, बऱ्याच योजना पुढे बंद पडल्या. पण पाण्याचं वाटप आधी, बंदी नंतर, हा क्रम त्यांना कळला होता.

तसंच हरयाणात शिवालिकच्या पायथ्याला सुखोमाजरी. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरायला लागला म्हणून सत्तरच्या दशकात पी. आर. मिश्रा नावाचे शास्त्रज्ञ उगमाकडे शोधत गेले, तर वर गावातल्या शेळ्यांनी डोंगर बोडका केलेला. लोकांना नुसतं "चारू नका" सांगून कोण ऐकणार. मातीचे छोटे बंधारे बांधले, गावाला पाणी दिलं, आणि पाणी फक्त जमीनवाल्यांना नाही तर प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, ज्याला जमीन नाही त्याने आपला वाटा विकावा. मग लोकांनी स्वतःहून शेळ्या कमी करून म्हशी घेतल्या आणि डोंगर राखला. तुमच्या ठरावात वाडीला काय मिळणार याची एक तरी ओळ आहे का?

झाडीपट्टी
गडचिरोलीकडून लिहितोय. वर कोणीच विचारलं नाही ते विचारतो, त्या डोंगरावर तुमचा हक्क काय? ग्रामसभेचा ठराव वनखात्याच्या जमिनीवर चालतो कशाच्या जोरावर? संयुक्त वन व्यवस्थापनाची (खातं आणि गाव मिळून जंगल राखायची) समिती असेल तर ती खात्याच्या मर्जीवर, १९९०च्या केंद्राच्या परिपत्रकातून आलेली व्यवस्था, कायद्यातला हक्क नाही. उद्या तुम्ही राखलेल्या उतारावर खात्याने सागाचं प्लांटेशन घेऊन तार मारली तर काय करणार?

२००६चा वनहक्क कायदा वाचा. कलम ३(१)(झ) म्हणतात आमच्याकडे, सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनर्निर्माण, व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क. आमच्याकडच्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये साधारण १८०० हेक्टरवर तो मिळाला, २०११ला बांबूचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हातात आले आणि तिथून पैसा गावात यायला लागला. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. बैठका लांबतात, कंटाळा येतो, पण एकदा ठरलं की मागून कोणी म्हणत नाही की मी तेव्हा हात वर केला नव्हता. तुमची बंदी बहुमताने झाली ना? मग अल्पमतातल्या शेळ्या वर जाणारच.

तुमचा भाग अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येत असेल तर अजून सोपं, २०१४च्या महाराष्ट्राच्या पेसा नियमांत (पेसा म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) वाडीला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं, तिची स्वतःची ग्रामसभा. आणि धनगरांचं म्हणाल तर त्याच वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क धरलेला आहे, त्यांना गाववाल्यांनी परस्पर हाकलणं कायद्यातही बसत नाही. वाडा बसला की लेंडीखत पडतं, खाली शेतकरी त्यासाठी मेंढ्या शेतात बसवून घेतात, मग डोंगरावरून जाण्याची वाट आणि तारखा ठरवून द्यायला काय हरकत आहे.

बांधबंदिस्ती
कायद्याचं मान्य, पण भाऊ तुमच्याकडे बांबू आहे, तेंदू आहे. यांच्याकडे करवंद आहे. दावा मंजूर होऊन विकण्यासारखं काही यायला किती वर्षं, तोवर वाडी काय खाणार?

झाडीपट्टी
@बांधबंदिस्ती मी पैशासाठी म्हणत नव्हतो, पण ठीक. बारीपाड्यात काय बांबूचं जंगल होतं का सुरुवातीला? साक्री तालुक्यातला पाडा, ओसाड डोंगर, चैत्राम पवार आणि पाड्यातल्या लोकांनी नव्वदच्या दशकापासून ४०० हेक्टरच्या वर जंगल राखलं, दंडाचे नियम त्यांचे, राखणही त्यांची. आता तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, २०२५ला चैत्रामभाऊंना पद्मश्री आली. बाकी लोक ती स्पर्धा बघायला जातात. राखणीच्या पाळ्या कशा लावल्या ते कोणी विचारत नाही, तुम्ही जाऊन तेवढंच विचारून या.

चुलीजवळून
सगळ्या दादांनी शेळ्यांवर एवढं लिहिलं, कुऱ्हाडबंदीवर एक शब्द नाही. कारण लाकूडफाटा आणायला कोण जातं? माझं माहेर अकोले तालुक्यात डोंगराला लागून, तिकडे बंदी झाली तेव्हा बायका दुसऱ्या गावच्या हद्दीत जायला लागल्या, डबल चाल आणि वर त्या गावच्या शिव्या. गॅसची टाकी घरात आहे हो, रिकामी. भरायचे पैसे शेळी विकून यायचे आणि शेळी तुम्ही बंद केली.

आणि "विळा चालेल, कापून डोक्यावर न्यायचं" हे लिहायला सोपं आहे. शेळी पोरगं चारून आणतं, गवत बाई कापते. म्हणजे बंदीचं काम कोणाच्या अंगावर आलं? बंदी नकोच असं मी म्हणत नाहीये, झरा टिकला तर सगळ्यात जास्त सुख आम्हालाच. पण ठराव करायच्या आधी बायकांची वेगळी बैठक घ्या, दुपारी घ्या, रात्री आठला देवळात घेऊ नका. त्यात विचारा की वाळलेला फाटा कधी न्यायचा, कोणत्या दिवशी, किती मोळ्या. वाळकं उचलायला मोकळीक द्या, ओल्याला हात नाही, हे बायका स्वतःच सांभाळतात, त्यांना राखणदार लागत नाही. आमच्याकडे शेवटी तसंच करावं लागलं तेव्हा मिटलं.

सह्यपूर्व
सगळ्यांचे आभार, डोकं भणभणलंय पण कामाचं मिळालं. @काळा_कातळ बोअरचं विचारलंत ते बरोबर वर्मावर विचारलंत. पडल्यात, आणि त्यातली एक ठरावावर सगळ्यात आधी सही करणाऱ्याची आहे. ती खोल आहे असं गावात बोलतात. वाडीवाले ग्रामसभेत हेच ओरडत होते, आम्ही म्हणालो विषयाला सोडून बोलू नका. @चुलीजवळून ताई, आमची बैठकही रात्री आठलाच झाली होती. आता वाडीत जाऊन बसणार आहोत. त्यांच्या बाजूचा तुकडा पहिली दोन वर्षं उघडाच ठेवू आणि उलट बाजूचा बंद करू, तिथलं गवत वाडीला फुकट, खालच्या लोकांना पैसे देऊन, असा विचार आहे. पण बोअरवाल्याला कोण बोलणार? आदर्श गावांनी बोअरबंदी केली ती पडायच्या आधी की नंतर?

बांधबंदिस्ती
पडलेली बोअर कोणी बुजवत नाही, नवीन तेवढी थांबवता येते. २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खालची विहीर खोल विहीर धरतात आणि तिच्यावर बंधनं आहेत, भूजल सर्वेक्षणच्या ऑफिसला ग्रामपंचायतीचं पत्र द्या. पण मी असतो तर आधी दुसरं केलं असतं. दिवाळीनंतर गावातल्या सगळ्या विहिरी टेप टाकून मोजायच्या, आकडे चावडीवर खडूने लिहायचे आणि त्यावरून रब्बीला कोणी किती भिजवायचं ते ठरवायचं. बोअरवाल्याचा आकडा पण लिहायचा, त्याने नाही सांगितला तर त्याच्या नावासमोर मोकळी जागा ठेवायची.

चुलीजवळून
झऱ्याचं पण मोजा त्याच दिवशी. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते, वाडीतल्या बायकांना विचारलं तर घड्याळ न लावता सांगतील.

काळा_कातळ
आणि गवताचे जे पैसे येतील ते ग्रामपंचायतीच्या खात्यात टाकू नका, वाडीच्या बचत गटाच्या खात्यात टाका. पंचायतीत गेले की दिवाबत्तीत जातील.