सोलापूरहून मालदीव: आठवडाभर बोटीवर राहून स्कूबा करणे आम्हाला झेपेल काय?

कोरडा_सोलापूरकर

नमस्कार. माझे वय ४८. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलो आणि आजही उन्हाळाभर सकाळी तरण तलावावर जातो. दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला मी आणि पत्नी, दोघांनीही स्कूबा केले. पंधरा-वीस मिनिटे पाण्याखाली होतो, प्रशिक्षकाने मागून टाकी धरून फिरवून आणले आणि निघताना चित्रफीत व प्रमाणपत्र दिले. तेव्हापासून तो विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आता मालदीवची एक सहल पाहिली आहे. सात रात्री बोटीवरच मुक्काम, दिवसाला तीन-चार डायव्ह, निघणे जानेवारीत, म्हणजे गड्ड्याची जत्रा उरकल्यावर. हे प्रमाणपत्र तिथे चालेल काय? मला रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. तिची अडचण येईल काय? पत्नीला एखाददुसऱ्या डायव्हपलीकडे रस नाही, तर बोटीवर तिचा वेळ कसा जाईल? आगाऊ रक्कम या महिन्यात भरायची असल्याने जाणकारांनी स्पष्ट लिहावे, ही विनंती.

घाटपायथा

मी मालदीव आणि थायलंडमधील सिमिलान बेटे, अशा दोन ठिकाणी बोटीवर राहून डायव्हिंग केले आहे, म्हणून स्पष्टच लिहितो: यंदा पैसे भरू नका.

तारकर्लीला मिळालेला कागद ही आठवण आहे, परवाना नव्हे. त्या पंधरा मिनिटांत तुमची हवा, तुमची खोली आणि तुमचे वर येणे हे सारे दुसऱ्याच्या हातात होते. स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरण्यासाठी ओपन वॉटर हा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात पुस्तकी भाग, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डायव्ह असतात व त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येते. पुढच्या ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रमानंतर ही मर्यादा ३० मीटर होते, आणि मालदीवमध्ये हौशी डायव्हरसाठी कायद्यानेच ठरवलेली मर्यादाही ३० मीटरच आहे. तिथल्या बऱ्याच बोटी ॲडव्हान्स्डचे कार्ड आणि नोंदवहीत ठरावीक संख्येने डायव्ह असल्याखेरीज घेत नाहीत, आणि तो आडमुठेपणा नाही.

याचे कारण तिथल्या पाण्यात आहे. प्रवाळांच्या कड्यांमधून समुद्र आत-बाहेर करतो त्या वाटांना तिथे कंडू म्हणतात. भरतीचे पाणी अशा वाटेने आत घुसते तेव्हा तिच्या तोंडाशी शार्क जमतात, म्हणून डायव्हरही नेमके त्याच वेळी तिथे उतरतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, म्हणजे तुम्ही जाणार त्या जानेवारीत, पूर्वेकडच्या कंडूंमध्ये बाहेरचे स्वच्छ पाणी शिरत असते आणि ओढ चांगलीच असते. मेलेल्या प्रवाळाच्या खडकात दोरीचा आकडा अडकवून, वाऱ्यावरच्या पतंगासारखे आडवे होऊन पाहत राहायचे असते. बोट नांगर टाकून थांबलेली नसते. धोणी नावाची वेगळी होडी तुमच्या बुडबुड्यांच्या मागावर असते आणि तुम्ही वर सोडलेला नारिंगी फुगा पाहून तुम्हाला उचलते. तो फुगा पाच मीटरवर स्थिर राहून, दोरीत स्वतः न गुरफटता वर सोडणे हीसुद्धा शिकून घेण्याची गोष्ट आहे.

माझी पहिली फेरी सांगतो. तेव्हा माझ्या वहीत जेमतेम बारा डायव्ह होत्या आणि एका कमी काटेकोर बोटीने मला घेतले. २०० बार (हवेच्या दाबाचे माप) भरलेली टाकी मी अठ्ठाविसाव्या मिनिटाला ५० बारवर आणली, कारण प्रवाहाविरुद्ध पाय मारण्यातच निम्मी हवा गेली होती. मला एकट्याला वर पाठवता येईना, म्हणून वाटाड्याने सहाही जणांना वर आणले. जेवणाच्या टेबलावर कोणी काही बोलले नाही, पण त्या संध्याकाळी माझ्याशेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

एक गोष्ट विहिरीत वाढलेल्यांसाठी मुद्दाम लिहितो. मुटका मारून, श्वास कोंडून तळाचा रुपया वर काढणे ही आपली लहानपणची फुशारकी. स्कूबात नेमकी तीच सवय घातक ठरते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा कोंडून ठेवून तुम्ही वर आलात, तर ती दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस तितके ताणत नाही. श्वास अखंड चालू ठेवणे हा पहिला नियम आहे, आणि भोपळेवाल्यांना तो अंगवळणी पडायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

कान_नाक_घसा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. येथे उपचार सुचवणार नाही, परंतु पैसे भरण्यापूर्वी काय विचारायचे ते सांगतो.

डायव्हिंगपूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून द्यावी लागते. रक्तदाब, दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही 'होय' असेल, तर डॉक्टरची सही लागते. गोळी चालू आहे एवढ्यावरून कोणी नाही म्हणत नाही. रक्तदाब आटोक्यात आहे काय, आणि तुमची गोळी श्रमाची क्षमता कमी करणाऱ्या प्रकारातली आहे काय, हे आपल्या फिजिशियनकडून तपासून घ्या. बोटीवर पोचल्यावर प्रश्नावलीत 'नाही' लिहून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नका, कारण दाबकक्ष (डायव्हिंगमधल्या दाबाच्या विकारांवर उपचार करण्याची बंद खोली) असलेले रुग्णालय तेथून काही तासांवर असू शकते. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबा पुष्कळदा वगळलेले असते, तेही वाचून घ्या.

दुसरा मुद्दा सर्दीचा. गड्ड्याची धूळ आणि जानेवारीतली थंडी यांमुळे त्या दिवसांत माझ्याकडे बंद नाकांची रांग असते. नाक चोंदलेले असेल तर कानाच्या पडद्यामागे हवा पोचत नाही आणि पहिल्या चार-पाच मीटरमध्येच कान दुखू लागतो. जोर लावून कान उघडू नयेत. उतरायला लागल्यापासूनच, दुखण्याची वाट न पाहता, नाक चिमटीत धरून हलकेच हवा द्यावी, आणि तरीही कान उघडला नाही तर थोडे वर यावे. नाक मोकळे करणारे थेंब टाकून उतरणे मला पसंत नाही. थेंबाचा असर पाण्याखाली संपला, तर वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर पडत नाही. सात रात्रींच्या सहलीत सर्दीपायी तीन दिवस डेकवर बसून काढणारे रुग्ण मला भेटले आहेत. बोटीवरून उतरून दुसरीकडे जाण्याची सोयही नसते.

पूर्वभाग

वरच्या दोघांशी मी सहमत आहे, परंतु मुळात बोटच का, असा माझा प्रश्न आहे. ज्या घरातल्या एकालाच डायव्हिंगची ओढ आहे त्यांनी आठवडाभर बोटीवर राहू नये. पहाटे साडेपाचला उठायचे, सूचना ऐकायच्या, उतरायचे, खायचे, झोपायचे, पुन्हा उतरायचे. बोलणे सगळे माशांचे. माझी पत्नी चौथ्या दिवशी म्हणाली, "इथे माणसांपेक्षा टाक्यांची विचारपूस जास्त होते." त्यानंतर आम्ही दक्षिण आरी प्रवाळवलयातील दिगुरा या वस्तीच्या बेटावर, एका साध्या अतिथिगृहात राहिलो. सकाळी मी डायव्हला जात असे आणि ती किनाऱ्यावर फिरत असे. देवमुशी, म्हणजे तो ठिपक्यांचा प्रचंड शार्क, आम्ही दोघांनी एकत्र पाहिला, कारण त्यासाठी मास्क आणि नळी पुरते. खर्चही बराच कमी आला. बोटीच्या जाहिरातीतील आकड्यात साधनांचे भाडे, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा), हरित कर आणि खलाशांची बक्षिसी बहुधा धरलेली नसते.

तरीही बोटच घेणार असाल, तर प्रवाळांच्या छायाचित्रांआधी रात्रीच्या पहाऱ्याबद्दल विचारा. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत कन्सेप्शन या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण दगावले. बोटीवर फिरता पहारा नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले. म्हणून रात्री जागे कोण असते, झोपण्याच्या जागेतून बाहेर पडायला दोन वेगळ्या वाटा आहेत काय, आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा. टाळाटाळीचे उत्तर आले तर दुसरी बोट शोधा.

(शेंगाची चटणी मात्र न्या. माझी डबी तिसऱ्या दिवशी एका इटालियन जोडप्याने संपवली.)

कोरडा_सोलापूरकर

सर्वांचा आभारी आहे. पैसे भरलेले नाहीत. फिजिशियनची वेळ घेतली आहे, आणि सर्व ठीक असल्यास फेब्रुवारीत तारकर्लीला जाऊन ओपन वॉटर पूर्ण करावे असे ठरवले आहे. अतिथिगृहाचा पर्याय वाचून पत्नीचा चेहरा खुलला, त्यामुळे बोटीचा विचार पुढच्या वर्षावर गेला. एकच शंका उरली आहे. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानापूर्वी किमान १८ तास थांबावे, असे वाचले. आम्ही तर मोटारीने परतणार आहोत, तेव्हा शेवटची डायव्ह उरकून दुपारीच निघालो तर चालेल ना?

घाटपायथा

तुम्ही विमानात बसणार नाही, पण घाट चढणार आहात. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, आणि डायव्हमध्ये अंगात मुरलेल्या नायट्रोजनला (दाब घटला की त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात) हवेचा दाब कशामुळे कमी झाला याच्याशी कर्तव्य नसते. विमानापेक्षा धोका पुष्कळ कमी, पण प्रकार तोच. शिवाय सोलापूरही काही समुद्रकाठी नाही. घाटमाथ्यावरून खाली आलात तरी साडेचारशे मीटर उंची उरतेच. शेवटचा दिवस कोरडा ठेवा. सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहून या, दुपारी मालवणात जेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघा.